दाजींनी बदललेलं स्टेअरिंग

आमची पिकअप माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि घरात तशीच वागायची. वडील फौजेत ड्रायव्हर. मोठी लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराची उरलेली वाहनं लिलावात निघाली, त्यातली ही एक त्यांनी घेतली आणि एका दुपारी धूळ उडवत दारात आणून उभी केली. स्टेअरिंग डाव्या बाजूला. त्यामुळे पुढच्या बैलगाडीला मागे टाकायचं झालं की समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसायचंच नाही. उजवीकडे बसलेल्या माणसाने मान बाहेर काढून सांगायचं. वडील होते तोवर ते काम माझं, ते गेल्यावर चालवणं माझ्याकडे आलं आणि लग्नानंतर बघणं बायकोकडे. ‘येतंय’ आणि ‘काढा’ एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चाललाय, असं मी चारचौघांत सांगायचो आणि ती डोळे वटारायची.

इस्लामपूरच्या अलीकडे आमचं गाव. त्या गाडीतून मी पाण्याची इंजिनं नेली, उसाचं बेणं नेलं, लग्नाची भांडी आणि लग्नाची वऱ्हाडंही नेली. पोट त्या गाडीवर होतं.

आई मी चार वर्षांचा असताना गेली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील पलटणीत, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून ते मास्तरांनी मारलं तर शाळेच्या दारात जाऊन त्यांना जाब विचारण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिचं लग्न होऊन ती सांगलीला गेली तेव्हा मी मांडवात घातलेला गोंधळ गावात अजून सांगतात. तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मोटारींचे मिस्त्री. सांगलीच्या बाहेर रस्त्याला लागून त्यांचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागे घर. चालू इंजिनावर नुसता तळहात ठेवून दुखणं कुठं आहे ते सांगायचे. मला गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं नाही, त्यांच्याकडे तेवढा धीर नव्हता. शिकवलं ते दाजींनी, आष्ट्याच्या सरळ रस्त्यावर, एकदाही आवाज न चढवता. वडील गेल्यावर आमच्या घरात दाजींचा शब्द चालू लागला आणि मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी पहिल्यापासून त्यांच्यावर डूख धरून होतो.

दुष्काळाचं साल सरलं, ऊस पुन्हा उभा राहिला, आणि त्याच पावसाळ्यात गाडीच्या स्टेअरिंगने मान टाकली. पाव वळसा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, आणि ऐकलं की एकदम ऐकायची. सरळ रस्त्यावरही मी सारखा इकडून तिकडे हात मारत असायचो. टायर आतल्या कडेने झिजून दोरे दिसायला लागले. दाजींनी गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि मला खाली बोलावून दाखवलं. पुढची दोन चाकं एका लोखंडी दांड्याने एकमेकांना बांधलेली असतात, आणि स्टेअरिंगपासून दुसरा दांडा येऊन त्यांना वळवतो. या दांड्यांच्या टोकांना सांधे असतात, वाटीत गोटी बसवावी तसे. आमच्या चारही सांध्यांतल्या गोट्या झिजून चपट्या झाल्या होत्या. त्यातल्या एकाचं ग्रीस भरायचं तोंड पूर्वी कधी तुटलं होतं आणि वडिलांनी ते वेल्डिंग करून भरून घेतलं होतं. मटकीच्या दाण्याएवढा तो डाग मी ओळखत होतो.

दाजी म्हणाले की सांधे नवे पाहिजेत, आणि ह्या गाडीचे नवे सांधे आता स्वर्गात मिळाले तर मिळतील.

स्वर्गात नाही, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले. त्यासाठी मी तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेला दुकानदाराने मला वेड्यात काढलं, दुसऱ्याला थांबायला सांगितलं, आणि तिसऱ्याला गोदामातून एक खोका काढून समोर ठेवला. आत मेणकागदात गुंडाळलेले चार सांधे, वर हिरवट ग्रीसचा थर, लष्कराने बंद केले होते तसेच. परत येताना एसटीत मी तो खोका मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, मिठाई आहे का. मी हो म्हटलं.

खोका दाजींच्या हातात दिला आणि गाडी त्यांच्याकडे चार दिवस सोडली. पाचव्या दिवशी गेलो तर गाडी धुऊनपुसून तयार. दाजींनी मला चालवायला बसवलं, स्वतः उजवीकडे बसले आणि आम्ही आष्ट्यापर्यंत जाऊन आलो. स्टेअरिंग घट्ट. बोट हलवलं तर चाक हलत होतं. मी वाटेत दोनदा मोठ्याने हसलो. परत आल्यावर दाजींनी पोत्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात ठेवलं. त्यात जुने सांधे.

आमच्याकडच्या मिस्त्रींची ही रीत होती. नवीन सामान घातलं की काढलेलं जुनं सामान धुऊन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. त्याने ते बघायचं, अंगठ्याने झीज चाचपायची, ‘लयच गेलं व्हतं की’ म्हणायचं, आणि मग मजुरीवर घासाघीस करायची नाही. जुनं हातात आलं म्हणजे नवं गाडीत गेलं. याहून वेगळी पावती कुणी मागत नसे, आणि गाडीखाली शिरून बघणं म्हणजे मिस्त्रीच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. ते परक्या मिस्त्रीच्या बाबतीत. इथे तर दाजी. मी गाठोडं सोडलं, झिजलेल्या गोट्या बघितल्या, ‘लयच गेलं व्हतं की’ म्हणालो आणि घरी आणून ते माळ्यावर टाकून दिलं.

दिवाळीनंतर बायकोला सातवा लागला. माझी सासुरवाडी कोयनानगरला. सासरे धरणाच्या कामावर होते आणि तिथल्या वसाहतीत राहत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. त्याआधी डोहाळजेवण करायला ताई सांगलीहून आली. माझी आई नव्हती, म्हणजे बायकोला सासू नव्हती, जे काही कोडकौतुक व्हायचं ते तिनेच करायचं. तिने सगळं केलं. हिरवी साडी, ओटी, पाच प्रकारचे भात. बायकोला पाटावर बसवून तिने असं सजवलं की शेजारच्या बायका म्हणाल्या, नणंद असावी तर अशी. मी दाराआडून बघत होतो आणि मला आईची आठवण आली, म्हणजे खरं तर आठवायला काही नव्हतं, ताईच आठवली.

बेत असा की दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये सामान घालून मी, बायको आणि मेहुणा निघायचं. सकाळी सामान चढवून झालं आणि ताई म्हणाली, तिला गाडीतून नेऊ नको, ह्या दिवसांत हादरे नकोत, येष्टीनं जाऊ दे. मी म्हणालो की एसटीला काय मऊ गाद्या असतात का, आणि आता तर गाडीचं स्टेअरिंग लोण्यासारखं झालंय. बायकोही कुरकुरली, उजवीकडून बघणार कोण म्हणाली. मेहुण्याला माझ्यासोबत पाठवू म्हटलं तर ताई म्हणाली, अशा अवस्थेत ती एकटी जाणार का, भावाने तिच्यासंगं जावं. एरवी ताई दोनदा सांगून गप्प बसणारी. त्या दिवशी ती हटून बसली. शेवटी मीच बायकोला म्हणालो की ऐक तिचं, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपली ताई किती पुढचा विचार करते, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

इस्लामपूरच्या स्टँडवर मी सगळ्यांना सोडलं. कऱ्हाडच्या गाडीत दोघं बसली. ताईची सांगलीची गाडी अजून लागायची होती. ती माझ्या बाजूला आली आणि दाराच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

“हळू जा,” ती म्हणाली.

मी हसून हो म्हटलं. तिने हात काढला नाही.

“लय हळू जा. घाई करू नगंस.”

पाटणपर्यंत काही झालं नाही. पाटणच्या पुढे रस्ता डोंगराला लागतो, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खाली नदी. जाताना दरी डावीकडे, म्हणजे माझ्याच दाराखाली. एका उजव्या वळणावर मी चाक फिरवलं आणि खाली कट्ट असा आवाज झाला. हातातलं स्टेअरिंग हलकं झालं, भोवऱ्यासारखं गरगरा फिरायला लागलं. पुढची चाकं आपल्याच मनाने वळली. गाडी कुठं जाणार ते आता माझ्या हातात नव्हतं. ती डावीकडे गेली असती तर हे लिहायला मी नसतो. ती उजवीकडे गेली, रस्ता ओलांडून चर तुडवत कड्यावर जाऊन आदळली. समोरून काही येत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा मी बघितलं, उजवं दार चेपून आत आलं होतं आणि शेजारच्या सीटवर, बायकोच्या जागेवर, कड्याचा मोठा दगड येऊन बसला होता.

कोकणाकडून येणारा एक ट्रक थांबला. त्याचा ड्रायव्हर माझ्यासोबत गाडीखाली शिरला. दांड्याच्या टोकाची वाटी रिकामी होती, गोटी निसटून खाली लोंबत होती. त्याने वाटीत बोट घालून एक चुरगळलेला पत्रा बाहेर काढला. रॉकेलच्या डब्याचा. झिजलेल्या गोटीची जागा भरायला कुणीतरी वाटीत पत्र्याच्या चकत्या कापून बसवल्या होत्या आणि वर दाबून ग्रीस भरलं होतं. चार दिवस घट्ट वाटेल, मग पत्रा झिजून गोटी सुटणार, हे कुठल्याही मिस्त्रीला कळतं.

“कुनी केलंय हे?” ड्रायव्हर म्हणाला. “त्याला घाटात न्हेऊन सोडा एकदा.”

मी त्या सांध्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं होतं. खाली मटकीएवढा वेल्डिंगचा डाग होता.

वसाहतीत बायको माझ्याआधी पोचली होती. मी तिला सांगितलं की टायर फुटलं, गाडी वाटेत ठेवून आलो. सासरे म्हणाले, आमच्याकडे भूकंपाच्या धक्क्यांनी रोज भांडी वाजतात, तुमची एक गाडी वाजली तर काय एवढं. सगळे हसले. मीही हसलो.

घरी परतल्यावर पहिल्यांदा माळ्यावरून गाठोडं काढलं. चार सांधे, चारही झिजलेले, आणि एकावरही डाग नव्हता. माझे सांधे माझ्याच गाडीत होते. मग हे कुणाचे? तशी गाडी तालुक्यात आणखी एकच होती, ऊसतोडीच्या एका कंत्राटदाराची. गेल्या पावसाळ्यात तीही दाजींच्या गॅरेजला उभी असलेली मी बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो तर ती गाडी गॅरेजच्या दारातच होती. दाजी आत कुणाशी तरी बोलत होते. मी धुतल्या कपड्यांनिशी तिच्याखाली आडवा झालो. चारही सांधे नवे. कोपऱ्यात हिरवट ग्रीसचा थर अजून तसाच होता. मी किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. दाजींचे पाय येऊन जवळ थांबले, आणि तेवढ्यावरून त्यांना समजलं असणार, कारण त्यांनी ‘कवा आलास’ असं विचारलं नाही.

मी बाहेर आलो आणि पत्र्याचा तो चुरगळलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं होतं की ते नाकबूल जातील. गेले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, मला क्लच कसा सोडायचा ते सांगितलं होतं त्याच आवाजात. कंत्राटदाराचे ट्रक हंगामभर त्यांच्याकडे दुरुस्तीला येणार होते. ‘आधी माझी पिकअप नीट करून दे, तरच ट्रक धाडतो,’ असं तो म्हणाला होता. त्या गाडीला सांधे मिळत नव्हते आणि माझा खोका समोर होता.

“त्यो परका माणूस, त्याला थांब म्हणता येत न्हाई,” दाजी म्हणाले. “तू घरचा हायस.”

घरचा. घरच्याचं काम मागे पडतं, घरच्याला उरलेलं वाढतात, हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं. पण घरच्याच्या गाडीत डब्याचा पत्रा भरतात हे नवीन होतं. मी म्हणालो की मागितले असते तर दिले असते. ते म्हणाले, दिले असतेस, पण मग गाडी चार महिने दारात उभी ठेवावी लागली असती, तुझंच पोट मारलं गेलं असतं. म्हणजे माझ्याच भल्यासाठी. आणि परक्याचे सांधे माझ्या हातात ठेवले तेही माझ्याच भल्यासाठी का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नजर खाली घातली. मग म्हणाले,

“मी तुझ्या ताईला सांगून धाडलं व्हतं. गाडी गावापुरती चालव म्हणावं, घाटात घालू नगं. नवं सामान आलं की बदलून देतो. तिनं सांगितलं न्हाई?”

गॅरेजच्या मागे स्वयंपाकघर. ताई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो. तिने माझ्या मळलेल्या सदऱ्याकडे बघितलं आणि हात थांबवला.

मी विचारलं, तुला ठाऊक होतं का. तिने मान हलवली, हो.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तू हितं येऊन त्यांची गचांडी धरली असतीस. चार माणसांत त्यांची अब्रू गेली असती. मला ह्याच घरात ऱ्हायाचं हाय.”

“मग तिला का उतरवलीस?”

“ती दोन जिवांची. ते पाप माझ्यानं सोसवलं नसतं.”

“आनि मी?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती उलटली नाही.

“तू डायवर हायस, सांभाळशील, असं वाटून घेतलं,” ती म्हणाली.

ती रडली असती तर मी तिच्याजवळ जाऊन बसलो असतो. ती रडली नाही. जेवून जा म्हणाली. मी न जेवता निघालो. तिच्या घरून उपाशी परतलो तो तेवढा एकच दिवस.

दाजींचा राग आला, खूप आला, पण तो राग सरळ होता. त्यांना शिव्या देता येत होत्या, आणि वाटेत एकट्यानेच दिल्याही. ताईचं मला काही करता येईना. तिने रात्रभर विचार केला असणार. एका बाजूला नवरा, एका बाजूला मी. तिने मधोमध रेघ ओढली, माझी बायको आणि तिच्या पोटातलं मूल अलीकडे घेतलं आणि मला पलीकडे सोडलं. मला फसवलं ते दाजींनी. पण सोडून दिलं ते तिने, जिने मला वाढवलं, आणि दाराला हात लावून उभी असताना तिला ते माहीत होतं. त्याहून वाईट गोष्ट माझ्या आयुष्यात झाली नाही.

दाजींनी नवे सांधे काढून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. चौथ्यांदा पुण्याला गेलो, महिनाभर थांबून दुसरे आणले आणि सासऱ्यांच्या ओळखीच्या एका फिटरसोबत रस्त्याच्या कडेला स्वतः बसवले. एकेक गोटी वाटीत बसताना डोळ्यांनी बघितली. तेव्हापासून जुनं सामान कुणी हातात दिलं तर मी ते घेत नाही, आधी गाडीखाली शिरतो. लोकांना मी विक्षिप्त वाटतो.

माघात मुलगी झाली. बारसं कोयनानगरलाच. ताई आणि दाजी एसटीने आले. बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं, ती ताईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली की त्या दिवशी तुमचं ऐकलं ते किती बरं झालं, यांचं तर टायर फुटलं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याची दोरी बांधत होतो, बांधत राहिलो.

बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. दुसऱ्या कुणाला सांगायला लावावं, असं आदल्या दिवसापासून माझ्या मनात घोळत होतं. पण चेपलेलं दार मी माझ्या हातांनी सरळ केलं होतं आणि सीटवरचा दगड कुठवर आला होता ते मला ठाऊक होतं. पाळण्यात जे हातपाय हलवत होतं ते ताईमुळेच हलत होतं. त्या पोरीवर तिच्याइतका हक्क माझाही नव्हता.

ताई पाळण्यावर वाकली, तिने कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि रीतीप्रमाणे भोवतालच्या बायका हसत हसत तिच्या पाठीत बुक्के घालायला लागल्या. ताई वाकलेलीच राहिली. हसत नव्हती, चुकवत नव्हती, एकेक बुक्का घेत होती. बायको मला हाक मारून म्हणाली, तुम्हीही घाला की एक, तुमचीच तर बहीण. सगळ्या खिदळल्या. पुरुष घालत नसतात. मी पुढे झालो, हात वर केला, आणि तिच्या पाठीवर तो नुसता ठेवता येईना की मारताही येईना, म्हणून खाली घेतला आणि बाहेर निघून आलो.